पाचपैकी किती?

सकाळी साडेसहाच्या सुमारास कोरमंगलाच्या गल्ल्यांमध्ये दूध आणि पेपर टाकणाऱ्यांच्या बरोबरीने आणखी काही दुचाक्या फिरताना दिसतात. पाठीवर बॅग, बॅगेत नमुने थंड ठेवायची पेटी आणि मोबाइलवर उघडलेला पत्ता. घरी येऊन रक्त नेणारी ही मुलं-मुली. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, ड जीवनसत्त्व ही त्यांची रोजची कामं. गेल्या काही वर्षांत या यादीत जनुकीय तपासणीची भर पडली आहे. तिला दर वेळी सुई टोचावी लागतेच असं नाही. नळीत लाळ भरून दिली तरी भागतं. काही आठवड्यांनी फोनवर रिपोर्ट येतो. हृदयविकाराचा कल किती, मधुमेहाचा किती, दूध पचतं का, कॉफी मानवते का, आणि महागड्या पॅकेजमध्ये कर्करोगाशी संबंधित जनुकांचीही माहिती. रिपोर्टच्या पाठोपाठ एक लहानसा प्रश्न येतो : अनुभव कसा वाटला? पाचपैकी किती तारे?

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘मोजमाप’ हा विषय दिला, आणि हा पाच ताऱ्यांचा प्रश्न त्या विषयाच्या मध्यभागी येऊन बसला. कारण तो फक्त कंपन्याच विचारतात असं नाही. मोठ्या माणसांना जनुकीय चाचणी कितपत मोलाची वाटते, हे मोजण्याचं एक शास्त्रच गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभं राहिलं आहे. त्यात मानसशास्त्रज्ञ आहेत, आरोग्य-अर्थतज्ज्ञ आहेत, आनुवंशिकी समुपदेशक आहेत. त्यांच्या प्रश्नावल्या ताऱ्यांपेक्षा पुष्कळ बारकाईच्या आहेत. तरीही त्यांतल्या बहुतेक एकाच समजुतीवर उभ्या आहेत : मोल हे चाचणी करून घेणाऱ्या एका माणसाच्या मनात असतं, आणि नीट विचारलं की ते बाहेर येतं. या लेखाचं म्हणणं वेगळं आहे. जनुकीय चाचणीचं मोल रिपोर्टनंतर माणसापुढे कोणत्या वाटा उघड्या आहेत आणि त्या वाटांवर त्याच्यासोबत कोण आहे, यावर ठरतं. ते मोजायचं तर प्रश्नही तिथेच जाऊन विचारावे लागतील.

एकाच वस्तीतली दोन दारं

हे पाहायला कोरमंगला सोयीचं आहे, कारण इथे चाचणीकडे जाणारी दोन दारं एकमेकांपासून फार दूर नाहीत. एक दार बाजाराचं. २००७ मध्ये फ्लिपकार्टची सुरुवात या भागातल्या एका फ्लॅटमधून झाली, आणि तेव्हापासून नवउद्योगांची वस्ती म्हणून कोरमंगलाचं नाव झालं. पाचव्या-सहाव्या ब्लॉकमधल्या पीजींमध्ये आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये देशभरची मुलं राहतात. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव इथून आलेली मराठी मुलंही त्यांत पुष्कळ. वय पंचविशी-तिशीचं, पगार चांगला, तब्येत ठणठणीत. हातातलं घड्याळ झोप मोजतं, ॲप पावलं मोजतं, मग जनुकंही मोजून घेऊ, असा तो क्रम. कधी कंपनीच्या वेलनेस योजनेत सवलत असते, कधी वाढदिवसाची भेट म्हणून किट मिळतं. इथे चाचणी करणारा माणूस एकटा असतो. फॉर्मवर कौटुंबिक इतिहासाचा रकाना येतो तेव्हा त्याची पंचाईत होते. मावशीला ‘गाठ झाली होती’ एवढंच त्याने ऐकलेलं असतं. गाठ कशाची, कितव्या वर्षी झाली, हे घरात कधी मुलांसमोर बोललंच गेलेलं नसतं.

दुसरं दार सेंट जॉन्सचं. १९६३ मध्ये सुरू झालेलं हे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय कोरमंगलाच्या सर्जापूर रस्त्याकडच्या अंगाला पसरलेलं आहे. इथल्या शरीररचनाशास्त्र विभागात मानवी आनुवंशिकीचं काम कित्येक वर्षांपासून होत आलं आहे. गुणसूत्रांची तपासणी आणि तिच्याबरोबर समुपदेशन. अशा दारात माणूस एकटा येत नाही. वारंवार गर्भपात झालेलं जोडपं येतं, उशिरा बोलू लागलेल्या मुलाला घेऊन आई-वडील येतात आणि बरोबर आजी नाही तर मामा असतो. इथे कुतूहलाला जागा नसते. आधी काहीतरी घडलेलं असतं आणि त्याचं कारण हवं असतं, किंवा पुढच्या बाळंतपणाची धास्ती असते.

आता या दोन्ही दारांवर एकच प्रश्न ठेवा : ही चाचणी तुम्हाला किती उपयोगी वाटते, एक ते पाच? दोन्हीकडून ‘चार’ हे उत्तर आलं, तर त्या दोन चारांत समान काय आहे? एकाच्या चारात रविवारच्या गप्पांना मिळालेला विषय आहे. दुसऱ्याच्या चारात आणखी एक मूल होऊ द्यायचं की नाही, हा निर्णय आहे. दोन्ही आकडे एका तक्त्यात भरून सरासरी काढली की हा फरक पुसला जातो आणि ‘प्रौढांमध्ये जनुकीय तपासणीबद्दल अनुकूल मत’ असं एक गुळगुळीत वाक्य तेवढं उरतं.

मोजपट्ट्या कशा बनतात

मोजणाऱ्यांना हे कळत नाही असं मुळीच नाही. त्यांच्या हातातली साधनं आधी नीट पाहायला हवीत. पहिलं साधन पैशाचं. एखाद्याला चाचणीचं वर्णन सांगायचं आणि विचारायचं, यासाठी दोन हजार द्याल का? हो म्हणाला तर चार हजार, नाही म्हणाला तर एक हजार. अशा उत्तरांतून माणूस किती द्यायला राजी आहे याचा अंदाज काढतात. दुसरं साधन निवडीचं. समजा, दोन काल्पनिक चाचण्या समोर ठेवल्या. पहिली स्वस्त, पण दहातल्या एका वेळी चुकणारी. दुसरी महाग, अचूक, मात्र उपचार नसलेल्या आजारांचीही माहिती देणारी. यांतली कोणती घ्याल? अशा जोड्या बदलत दहा-बारा वेळा विचारलं की माणूस कशाच्या बदल्यात काय सोडायला तयार आहे, हे आकडेमोडीने बाहेर येतं. थेट विचारल्यावर कोणी सांगणार नाही अशा गोष्टी या पद्धतीत कळतात, ही तिची ताकद.

तिसरं साधन विधानांच्या मापनश्रेणीचं. डॉक्टर ‘उपयुक्त’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर उपचार असतो : रिपोर्टमुळे औषध बदललं का, शस्त्रक्रिया ठरली का. पण उपचार काहीच नसतानाही ‘कळलं ते बरं झालं’ म्हणणारे पुष्कळ भेटू लागले, तेव्हा या वैयक्तिक उपयुक्ततेलाही मोजपट्टी हवी असं अमेरिकेतल्या बार्बरा बीसेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटलं. २०१७ मध्ये त्यांनी तोवरचं संशोधन चाळून या उपयुक्ततेचे भावनिक, बौद्धिक, वर्तनविषयक आणि सामाजिक असे पैलू मांडले. पुढे २०२३ मध्ये त्यावरून एक मापनश्रेणी सिद्ध झाली. स्वतःबद्दलची जाण, अपत्यांविषयीचं नियोजन आणि व्यवहारातले फायदे असे तिचे तीन भाग आहेत. काम चोख आहे. विधानं निवडताना तज्ज्ञांच्या बरोबरीने चाचणी झालेल्या लोकांनाही विचारलं गेलं, आणि उत्तरांत सुसंगती आहे की नाही हे संख्याशास्त्राने तपासलं गेलं.

मात्र या मोजपट्टीचा सांगाडा ‘मी’वर उभा आहे. मला कळलं, मला बरं वाटलं, मी ठरवलं. ज्या समाजात प्रौढ माणूस आपला दवाखाना, आपला विमा आणि आपलं लग्न बहुतांशी स्वतः ठरवतो, तिथे हा सांगाडा पेलतो. आपल्याकडे तिशीची बाई स्तनाची तपासणी करायला जाते तेव्हा घरातल्या किती जणांच्या संमतीतून आणि सोयीतून जाते, हे वेगळं सांगायला नको. ‘मी’ने सुरू होणाऱ्या विधानापुढे ती ‘पूर्ण सहमत’वर खूण करील, आणि त्या खुणेतून पुढे काय होणार याचा काहीच अंदाज येणार नाही.

आधीचं उत्तर, नंतरचं वागणं

मनातलं मोल आणि प्रत्यक्ष वागणं यांत किती अंतर पडू शकतं, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा हंटिंग्टन या आजाराने दिला. मेंदू हळूहळू निकामी करणारा, साधारणपणे मध्यमवयात सुरू होणारा हा आजार आई किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. १९८३ मध्ये त्याच्या जनुकाचा ठावठिकाणा लागला आणि १९९३ मध्ये जनुकच सापडलं. चाचणी येण्यापूर्वी अशा कुटुंबांतल्या लोकांना विचारलं होतं, तेव्हा निम्म्याहून खूप जास्त लोक ‘हो, आम्ही करून घेऊ’ म्हणाले होते. चाचणी प्रत्यक्ष आल्यावर बहुतेक देशांत पाचातला एकही पुढे आला नाही. हे लोक आधी खोटं बोलले नव्हते. चाचणी काल्पनिक होती तोवर ‘कळलेलं बरं’ हे खरंच वाटत होतं. ती दारात आली तेव्हा, उपचार नसलेलं सत्य घेऊन रोज उठायचं आहे, हे खरं वाटू लागलं. पाचपैकी पाच देणारा माणूसच चाचणीच्या खोलीबाहेरून परत गेला.

उलट टोकाचा पुरावा बाजारातल्या चाचण्यांचा आहे. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेने घरपोच जनुकीय चाचणी घेतलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांचा काही महिने पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोक घाबरले का? नाही, चिंतेत मोजण्याजोगी वाढ झाली नाही. मग सुधारले का? तेही नाही. आहारातली चरबी आणि व्यायाम दोन्ही जिथल्या तिथे राहिले. घाबरवण्याची भीतीही फोल ठरली आणि सुधारण्याचं आश्वासनही.

तिसरा पुरावा या दोहोंच्या मधला. अल्झायमरच्या रुग्णांच्या प्रौढ मुलांना त्यांच्या एपीओई जनुकाचा प्रकार सांगण्याचा ‘रिव्हील’ नावाचा अभ्यास अमेरिकेत झाला आणि त्याचे मुख्य निष्कर्ष २००९ मध्ये आले. नीट समुपदेशन करून सांगितलं तर लोक कोलमडत नाहीत, हे त्यातून दिसलं. पण त्याच अभ्यासाच्या आणखी एका भागात असंही आढळलं की ज्यांना जास्त धोका असल्याचं कळलं, ते म्हातारपणाच्या शुश्रूषेचा विमा बदलण्याच्या किंवा घेण्याच्या विचाराकडे इतरांपेक्षा कितीतरी अधिक वळले. आजारावर इलाज नव्हता, तरी विम्याची वाट उघडी होती, आणि माहिती तिकडे वळली. तिन्ही पुरावे एकत्र ठेवले की एकच गोष्ट दिसते : रिपोर्टनंतर वाट नसेल तर आधीचा उत्साह विरतो, वाट असून कोणी सोबत नसेल तर वागणं बदलत नाही, आणि वाट हाताशी असेल तर माणूस ती धरतो.

बेंगळुरूत हा प्रश्न आता फार जवळ आला आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चच्या समन्वयाने २०२० मध्ये सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचा जीनोम वाचला गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांसाठी खुला झाला. त्याची गरज होतीच. जगभरच्या जनुकीय संशोधनात सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे असल्याचं २०१९ मध्ये मोजलं गेलं होतं. म्हणजे कोरमंगलात फोनवर येणारा ‘हृदयविकाराचा कल’ बऱ्याच अंशी दुसऱ्यांच्या रक्तावर बेतलेला होता. गिऱ्हाइकाने दिलेल्या ताऱ्यांत ही उणीव कुठेच दिसत नाही. उलट एक अस्सल भारतीय उदाहरण घ्या. एमवायबीपीसी३ या जनुकातली पंचवीस अक्षरं गळालेली असणं, हा बदल भारतीयांमध्ये शंभरात सुमारे चौघांत आढळतो आणि हृदयाच्या स्नायूच्या विकाराशी त्याचा संबंध आहे, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तो शोधणं आता अवघड नाही. पण शंभरातल्या त्या चौघांपैकी अनेक जण वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात. ज्याच्या गावाजवळ इकोकार्डिओग्राफीची सोय आणि दर दोन-चार वर्षांनी ती करून घेण्याची ऐपत आहे, त्याला या माहितीचं मोल आहे. बाकीच्यांच्या घरी ती माहिती नुसती धास्ती होऊन राहते.

‘एएस पॅटर्न’

जनुकीय तपासणीचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र कोरमंगलात चाललेला नाही. तो विदर्भात, नंदुरबारात आणि मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात चालला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सतरा राज्यांच्या आदिवासी भागांतल्या, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तीन वर्षांत तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचं उच्चाटन, हे त्याचं उद्दिष्ट. महाराष्ट्रात रक्ताच्या या आनुवंशिक आजाराची ओळख जुनी आहे. भिल्ल, माडिया, पावरा, परधान अशा काही जमातींत शंभरातले वीस ते पस्तीस लोक वाहक असल्याचं पूर्वीच्या पाहण्यांत दिसलं आहे. विदर्भातल्या अनेक दलित वस्त्याही हा आजार ओळखून आहेत.

तपासणीची पद्धत स्वस्त आणि सोपी. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा. ते गढूळ झालं की संशय, मग नमुना पुढच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत. तिथून येणारं उत्तर लोकांच्या बोलण्यात केव्हाच मुरलं आहे. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, ‘एएस’ म्हणजे वाहक. ‘तिचा एएस पॅटर्न आहे’ हे वाक्य विदर्भातल्या खेड्यात समजावून सांगावं लागत नाही. दोन एएसचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता एसएस मुलाची, हेही आशाताई, शाळेतले मास्तर आणि रुग्णांचे नातेवाईक सहज सांगतात. अडाणी माणसाला शक्यतांचं गणित कळत नाही, म्हणून त्याला मोल विचारून उपयोग नाही, असा आक्षेप शहरात हमखास घेतला जातो. त्याला या वस्त्यांनी उत्तर देऊन ठेवलं आहे. ज्या घरात दर पावसाळ्यात नाही तर थंडीत एक मूल हाडं दुखून रडतं, त्या घराला चारातला एक म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकाहून चांगलं कळतं.

अडचण समजण्याची नाही, सांगण्याची आहे. वाहक स्वतः आजारी नसतो. त्याच्या रिपोर्टचा खरा उपयोग लग्न ठरताना आणि मूल होऊ देताना. नेमक्या त्याच वेळी तो रिपोर्ट लपवावासा वाटतो. मुलगी एएस असल्याचं कळलं तर स्थळ मोडेल, ही भीती काल्पनिक नाही. दोष दोघांकडून आला तरी बोल सुनेलाच लागतो, हेही नवं नाही. अभियानातून वाटलेलं कार्ड अशा घरात ट्रंकेच्या तळाशी जाऊ शकतं. सरकारी अहवालात मात्र त्या मुलीची तपासणी झाली, कार्ड दिलं, काम पूर्ण. तपासलेल्यांची संख्या कोटींत मोजणाऱ्या त्या पद्धतीत आणि तारे मोजणाऱ्या कंपनीत या एका बाबतीत फार फरक नाही. दोघांचीही मोजणी रिपोर्ट हातात पडला की संपते, आणि मोलाची खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. ज्या तालुक्यात हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या वेळेवर मिळतात, दुखणं उठलं की रक्त मिळतं, आणि गर्भातल्या बाळाची तपासणी करायची तर किती लांब जावं लागेल हे कोणीतरी खरं सांगतं, तिथे तेच कार्ड वेगळ्या मोलाचं असतं.

रिपोर्ट एकाचा, रक्त अनेकांचं

कोरमंगलातल्या पीजीत राहणाऱ्या एका काल्पनिक मराठी तरुणीचा विचार करू. तिच्या रिपोर्टमध्ये बीआरसीए१ या जनुकात घातक बदल निघाला. या बदलामुळे स्तनाचा आणि बीजकोशाचा कर्करोग होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. तिच्यापुरतं बोलायचं तर अजून काही वर्षं नियमित तपासणीचीच आहेत. पण हा बदल तिला बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून आला आहे. तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता निम्मी आहे. या घडीला त्या माहितीचं सर्वाधिक मोल आहे सांगलीतल्या तिच्या पन्नाशीच्या आईला, किंवा वडिलांच्या बाजूचा असेल तर आत्याला. त्यांना कोणी प्रश्नावली देत नाही. मुलीने दिलेल्या तीन ताऱ्यांत आत्याचा जीव मोजलेलाच नसतो. नातेवाइकांपर्यंत माहिती पोहोचवून त्यांची तपासणी करणं ही जगभरात अवघड गेलेली गोष्ट आहे, आणि आपल्याकडे तर ‘हे कोणाला सांगायचं नाही’ हा घरातला पहिला ठराव असतो.

यावर गोपनीयतेचा आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. नातलगांचं मोल मोजायचं म्हणजे एकाची माहिती दुसऱ्यापुढे मांडायची. ही माहिती विमा कंपनीपर्यंत गेली तर? २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका हृदयविकाराच्या रुग्णाचा आरोग्यविम्याचा दावा ‘आजार आनुवंशिक आहे’ म्हणून फेटाळल्याचं प्रकरण आलं आणि न्यायालयाने असा सरसकट नकार भेदभावाचा ठरवला. भीती खरी आहे हे त्या खटल्यातूनच दिसतं, आणि अमेरिकेत २००८ मध्ये झाला तसा, जनुकांच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणून चाचणी नाकारणाऱ्याला अज्ञानी ठरवणं चुकीचं आहे. तो कदाचित सर्वांत नीट हिशेब करणारा माणूस असतो.

पण गोपनीयता राखूनही कुटुंबाच्या पातळीवरचं मोल साधता येतं, याचं एक उदाहरण अभ्यासण्याजोगं आहे. न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू समाजात मुलांमध्ये टे-सॅक्स हा जीवघेणा आजार होत असे. स्वतःची मुलं त्यात गमावलेल्या राब्बी योसेफ एकस्टाइन यांनी १९८३ मध्ये ‘दोर येशोरिम’ ही व्यवस्था उभी केली. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींचं रक्त तपासतात, त्यांना निकालाऐवजी फक्त एक क्रमांक देतात. स्थळ आलं की दोन्ही क्रमांक कळवायचे. जोडी चालेल की नाही एवढंच उत्तर मिळतं. कोण वाहक आहे हे बाहेर कोणालाच कळत नाही, त्यामुळे कोणाच्या नावाला बट्टा लागत नाही. ‘स्वतःबद्दलची जाण’ मोजणाऱ्या प्रश्नावलीवर ही तपासणी जवळपास शून्य गुण मिळवील. तरीही त्या समाजाला तिचं मोल पटलं आहे, कारण ठरवून होणाऱ्या लग्नांच्या चालीत ती नेमक्या जागी बसते. ही व्यवस्था जशीच्या तशी विदर्भात आणावी असं नाही. समाजाची वाट ओळखून आखलेली तपासणी आणि नुसती वाटलेली तपासणी यांत काय फरक पडतो, तो इथे दिसतो.

समाधानालाही मोल असतंच

या सगळ्यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा : पुढची वाट नसली तरी कळण्याला स्वतःचं मोल नाही का? मुलाच्या दुर्मीळ आजाराचं नाव शोधत आठ-दहा दवाखाने फिरलेल्या आई-वडिलांना शेवटी नाव मिळतं. इलाज नसतो, पण ‘गरोदरपणात तू हे खाल्लंस म्हणून झालं’ हा आरोप संपतो, फिरणं थांबतं. त्यांना विचारा, ते पाचपैकी पाच देतील, आणि तो आकडा खराच असेल. आक्षेप मान्य आहे. मात्र त्या आई-वडिलांच्या बाबतीतही मोल कशातून आलं ते पाहावं. आरोप थांबला तो घरातल्या इतरांनी नाव ऐकलं आणि मानलं म्हणून. फिरणं थांबलं ते डॉक्टरने पुढची दिशा सांगितली म्हणून. समाधानही नात्यांतूनच आलं. म्हणून त्याची दखल घेताना ‘बरं वाटलं का’ एवढ्यावर न थांबता ‘घरातलं बोलणं बदललं का’ हेही विचारायला हवं.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. लोक स्वतःच्या खिशातून पैसे देतात, तेच मोलाचं सर्वांत प्रामाणिक माप नाही का? खासगी कुतूहलापुरतं ते ठीक आहे. कोणी स्वतःच्या पैशाने कॉफी मानवते का हे तपासून घेत असेल तर तक्रार कोणी करू नये. पण खिशातून दिलेला पैसा खिसा किती मोठा आहे हेही सांगतो. शिवाय गिऱ्हाइकाला बदल्यात काय सोडावं लागतंय हे कोणी दाखवत नाही. जनुकीय पॅकेजच्या पैशात आईची मॅमोग्राफी, वडिलांची मधुमेहासाठीची डोळ्यांची तपासणी आणि घरातल्या सगळ्यांचं रक्तदाब मोजण्याचं यंत्र बसत असेल, तर हे दोन पर्याय शेजारी ठेवून विचारलं पाहिजे. त्या तुलनेनंतरही कोणी जनुकीय चाचणी निवडली तर तिचं मोल पटण्याजोगं.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा : लोकांना विचारायचंच कशाला, उपयोग कशाचा हे विज्ञान ठरवील. पण तपासणीचा वैद्यकीय उपयोगही लोकांच्या वागण्यावर उभा आहे. ट्रंकेतलं कार्ड विज्ञानाच्या दृष्टीने बिनचूक असूनही निरुपयोगी असतं. लोकांचं मत विचारणं हा सौजन्याचा भाग आहे, असं समजून चालणार नाही. तपासणी चालते की नाही हे कळण्याचा तो एक मार्ग आहे.

मग विचारायचं काय

पहिला बदल वेळेचा. चाचणीआधी, रिपोर्ट हातात येताना आणि वर्षभराने, अशा तीन वेळा विचारलं तरच उत्साह, धक्का आणि उपयोग वेगवेगळे दिसतील. दुसरा बदल माणसांचा. तपासलेल्याबरोबर, त्याच्या परवानगीने, घरातल्या निदान एका प्रौढाला विचारावं, आणि चाचणी नाकारणाऱ्यांनाही विचारावं, कारण वाटेत काटे कुठे आहेत हे तेच सांगू शकतात. तिसरा बदल प्रश्नांचा. ‘किती उपयोगी वाटली’ याच्या बरोबरीने : कोणाला सांगितलं, कोणापासून लपवलं, कोणता निर्णय बदलला, जो बदलायचा होता तो का बदलता आला नाही, आणि त्यासाठी कुठवर जावं लागलं? या उत्तरांचा एकच सरासरी आकडा निघणार नाही, आणि तो काढूही नये. सेंट जॉन्ससारख्या रुग्णालयात येणारं जोडपं, नवउद्योगात काम करणारी तरुणी आणि गडचिरोलीतला वाहक यांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली तर धोरणाला जे कळेल, ते त्यांच्या बेरजेतून कळणार नाही.

हे सगळं खर्चिक आणि किचकट होईल, असं म्हणता येईल. पण सर्वांना विचारायची गरज नाही. नीट निवडलेला लहान नमुना पुरतो, आणि आशाताई त्या घरांत एरवीही जातातच. त्यांच्या हाती वर्षभरानंतर विचारायचे चार प्रश्न आणि त्या भेटीचा वेगळा मोबदला द्यावा लागेल, इतकंच. जनुकीय तपासणीवर सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या प्रत्येक योजनेने त्यातला एक लहान वाटा या नंतरच्या विचारण्यासाठी बाजूला ठेवावा. कारण २०२३ मध्ये दहा वर्षांची असताना जिचा थेंब तपासला गेला, ती मुलगी २०३१ मध्ये अठराची होईल आणि त्यानंतर कधीतरी तिचं लग्न ठरेल. तिने ते कार्ड दाखवलं की नाही, समोरच्याने आपलं दाखवलं की नाही, आणि दोघांना पुढचा सल्ला कुठे मिळाला, यावरून या तपासणीचं मोल ठरणार आहे. तेव्हा तिच्यापर्यंत पोहोचून विचारता यावं, याची नोंद मात्र आजच करून ठेवावी लागेल.